मुलांच्या वतीने

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत पोचला. जिल्हा न्यायाधीशांनी आपल्या हद्दीतल्या तुरुंगांत आणि उपतुरुंगांत न्यायदंडाधिकारी पाठवावेत, सोळा वर्षांखालची किती मुलं आत आहेत ते पाहावं आणि लेखी कळवावं. राज्याच्या विधी साहाय्य मंडळाने दर आठवड्याला प्रत्येक तुरुंगात दोन वकील धाडावेत, तेही फक्त या मुलांसाठी. आपल्या परभणीलाही तो लागू होता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता, त्यामुळे गोदावरीपासून पैनगंगेपर्यंतचा सगळा मुलूख या आदेशाखाली आला. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं होत आली होती. तरी कुठल्या तुरुंगात किती पोरं आहेत, एवढ्या साध्या प्रश्नाचं धड उत्तर सरकारांकडे नव्हतं. कित्येकांनी मुदतीत प्रतिज्ञापत्रंही दिली नाहीत.

हा प्रश्न न्यायालयात नेणारी बाई वकील नव्हती, आमदार-खासदार नव्हती. शीला बारसे मुंबईच्या पत्रकार होत्या. त्यांची गोष्ट सांगायची तर आधी थोडं मागं जावं लागतं, कारण मुलाच्या वतीने न्यायालयात कोणी बोलायचं हा प्रश्न त्यांच्याही आधी शंभर वर्षं लोंबकळत होता.

इंग्रजी अमदानीतल्या कायद्याला मूल ठाऊक नव्हतं असं नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत बत्तिसावा आदेश होता आणि तो आजही आहे: अज्ञान मुलावर दावा आला तर न्यायालयाने त्याच्यासाठी दाव्यापुरता पालक नेमायचा. वाटणीचा दावा, दत्तकाचं भांडण, सावकाराचा हुकूमनामा अशा प्रकरणांत हा पालक मुलाची बाजू सांभाळी. थोडक्यात, ज्या मुलाच्या नावावर जमीनजुमला होता त्याच्यासाठी न्यायालयात एक माणूस होता. जे रेल्वे स्टेशनवर सापडलं, भुरट्या चोरीत पकडलं गेलं किंवा घरातून हाकललं गेलं, त्याच्या वाट्याला पोलीस आणि कोठडी येई. या दुसऱ्या मुलाला पहिल्या मुलाइतका मान मिळावा यासाठी जे काही झालं, तोच या लेखाचा विषय आहे.

या दुसऱ्या मुलासाठी पहिल्यांदा सोय झाली ती जागेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा उभी राहिली. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेत शिकागोला मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं आणि ती कल्पना जगभर पसरली. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना मोठ्या गुन्हेगारांच्या न्यायालयात उभं करू नये असं सांगितलं. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. तो अमलात आणायला १ मे १९२७ रोजी मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

सोसायटीचं उमरखाडीचं रिमांड होम म्हणजे डोंगरीचा जुना तुरुंग. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते याच तुरुंगात. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेलं पुस्तक मराठी वाचकाला माहीत आहे. राजकीय कैद्यांनी ज्या भिंतींआड दिवस मोजले, त्याच भिंतींआड पुढे हरवलेली आणि पकडलेली मुलं आपल्या आईबापांची वाट पाहू लागली. कायदा नवा होता, हेतू चांगला होता, पण इमारत तुरुंगाची होती. मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. आपण मुलांसाठी काय करायचं हे ठरवलं, पण त्यासाठी हाताशी होतं तेच वापरलं.

परभणीत तर एवढंही नव्हतं. मुंबईचा १९२४ चा कायदा निजामाच्या राज्यात लागू नव्हता. मध्य प्रांताने १९२८ मध्ये आपला कायदा केला, त्याचाही इथे काही संबंध नव्हता. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं. हैदराबाद राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा मुलांचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. बारा वर्षांत सरकारं तीन झाली. त्या धामधुमीत मुलांच्या न्यायालयाकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती? मुंबईला या कामाची निदान पाव शतकाची सवय होती. मराठवाड्याने सुरुवातच पाव शतक उशिरा केली, आणि तो उशीर पुढे अनेक वर्षं जाणवत राहिला.

आता बारसे. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांनी परवानगी घेऊन पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसे यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. त्यानंतर जे झालं ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला किंवा वकिलाला चौकशीला पाठवलं नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन त्या बायकांशी बोलायला सांगितलं. फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल आला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांची उपस्थिती, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर, असे दंडक त्यात घालून दिले गेले. काळा कोट नसलेला माणूस न्यायालयाचे डोळे आणि कान होऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवलं.

याच सुमाराला दुसऱ्या एका प्रकरणात मुलांच्या बाबतीतही असंच घडलं. परदेशी दत्तक देण्याच्या नावाखाली गैरप्रकार होतात, असं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं होतं. ६ फेब्रुवारी १९८४ च्या निकालात न्यायालयाने दंडक घातला की परदेशी दांपत्याचा अर्ज आला की भारतीय समाजकल्याण परिषद, भारतीय बालकल्याण परिषद किंवा अशाच एखाद्या नावाजलेल्या स्वतंत्र संस्थेला नोटीस द्यायची. अर्ज मुलाच्या हिताचा आहे का, हे तिने तपासून न्यायालयाला सांगायचं. दत्तक घेणारे एका बाजूला, मूल देणारी संस्था दुसऱ्या बाजूला आणि मुलाच्या बाजूने तिसरं कोणीतरी, असं चित्र आपल्याकडे पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे उभं राहिलं. त्याच्या सात वर्षं आधी, १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डेव्हिड सूकप या न्यायाधीशांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन एकेका मुलाच्या खटल्यावर नेमायला सुरुवात केली होती. मुलाला घरातून काढायचं की ठेवायचं हे ठरवताना आपल्याला मुलाविषयी पुरेसं माहीत नसतं, ही त्यांची अडचण होती. त्या देशात पुढे याची मोठी स्वयंसेवी चळवळ झाली. आपल्याकडे वाट वेगळी निघाली.

बारसे यांची पुढची लढाई मानखुर्दच्या निरीक्षणगृहाशी होती. हे गृह चालवत होती तीच १९२७ ची चिल्ड्रन्स एड सोसायटी. मुख्यमंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष आणि समाजकल्याण मंत्री उपाध्यक्ष. मुलांना आईबापांकडे परत पाठवायला उशीर होतो, नंतर त्यांची विचारपूस होत नाही, त्यांच्याकडून मोबदल्याशिवाय काम करून घेतलं जातं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने काही आदेश दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवू नये, ठेवलं तर रिकामं बसवू नये, आणि ही सोसायटी राज्यसंस्थेसारखीच राज्यघटनेला बांधलेली आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेली संस्थासुद्धा मुलांच्या हक्कांना उत्तरदायी आहे, हे त्यातून ठरलं.

त्याआधी १९८५ मध्ये त्यांनी ती मोठी याचिका केली होती: देशातल्या सगळ्या तुरुंगांतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी. लेखाच्या सुरुवातीचा आदेश त्यातलाच. न्यायालयाने बारसे यांना देशभरातले तुरुंग, बालगृहं, निरीक्षणगृहं पाहण्याची मुभा दिली आणि प्रवासखर्चासाठी १०,००० रुपये जमा करायला केंद्र सरकारला सांगितलं. ना पद, ना पगार. फक्त न्यायालयाचा आदेश हातात घेऊन एक बाई मुलांना भेटत फिरणार होती. न्यायालयाने मुलांसाठी नेमलेली स्वयंसेवक असं म्हणायचं झालं तर आपल्या इतिहासात ते पहिलं नाव बहुधा हेच.

१३ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांनी निकाल दिला. मुलांना तुरुंगात ठेवायचं नाही. जागा नसेल तर जामिनावर सोडायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर तीन महिन्यांत तपास पुरा झाला पाहिजे, नाहीतर प्रकरण बंद समजायचं. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवायचा. राज्याराज्यांत मुलांचे कायदे आहेत पण कित्येक ठिकाणी ते अमलातच नाहीत, तेव्हा संसदेने सबंध देशासाठी एक कायदा करावा. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. त्यात प्रत्येक बाल न्यायालयाला मदत करायला दोन मानद समाजसेवकांचं पॅनेल असावं आणि त्यांतली किमान एक स्त्री असावी, अशी तरतूद होती. गावातल्या साध्या माणसाला कायद्याने न्यायाधीशाच्या शेजारी बोलावलं ते इथे.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र बारसे यांच्यासाठी त्रासाची गेली. तारखा पडत, राज्यं माहिती देत नसत, दिलेली अपुरी असे. त्या वकील न लावता स्वतः उभ्या राहत. शेवटी त्यांनी याचिका मागे घेण्याचा अर्ज केला. या कामकाजातून काही निष्पन्न होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २९ ऑगस्ट १९८८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. जनहिताची याचिका ही ज्यांच्यासाठी केली त्यांची असते, आणणाऱ्याची नव्हे. आणणाऱ्याचा अधिकार त्यांच्या हितापुढे दुय्यम आहे, असा त्या निकालाचा आशय होता. याचिकाकर्त्या म्हणून बारसे यांचं नाव काढण्यात आलं आणि खटला सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे सोपवला गेला.

हा निकाल मी जितक्यांदा वाचला तितक्यांदा दोन्ही बाजू पटल्या. मुलांचं प्रकरण एका माणसाच्या थकव्यावर सोडून देता येत नाही, हे न्यायालयाचं म्हणणं खरं होतं. आणि सगळ्या राज्यांच्या सरकारी वकिलांपुढे एकटीने उभं राहणं माणसाच्या ताकदीबाहेरचं असतं, हे बारसे यांचं दुखणंही तितकंच खरं होतं. ज्यांनी हा प्रश्न देशापुढे आणला, त्यांच्याच हातून तो काढून घ्यावा लागला याची हळहळ वाटते. पण त्यातून एक गोष्ट निघाली. मुलाच्या बाजूने उभं राहणं ही कुणा एकाची जिद्द राहून चालणार नाही, जिल्ह्याजिल्ह्यात त्याची जागा हवी.

ती जागा व्हायला आणखी बरीच वर्षं लागली. २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी वय अठरा केलं. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक सदस्य आले, तेही नुसते सल्लागार म्हणून नव्हे तर त्याच पीठाचा भाग म्हणून. आधाराची गरज असलेल्या मुलांसाठी अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती आली. २००६ च्या दुरुस्तीने हे प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात करा असं बजावलं. तरी जागा रिकाम्या राहत. संपूर्णा बेहुरा या कार्यकर्तीच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या भरा म्हणून पुन्हा सांगावं लागलं. मधल्या काळात २०१५ चा नवा कायदा आला होता. त्याच्या नियमांत मंडळ कसं बसेल हेसुद्धा लिहिलं आहे. उंच चौथरा नको, साक्षीदाराचा पिंजरा नको, मूल आणि सदस्य यांच्यामध्ये आडपडदा नको. मोठ्यांच्या न्यायालयात गेलेल्या कुणालाही कळेल, त्या चौथऱ्याची उंची गेल्याने मुलाला किती फरक पडतो.

२०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. मुलाला प्रश्न विचारायचे ते न्यायाधीशांमार्फत, आरोपी त्याच्या नजरेसमोर नको, जबाब घेताना पोलीस गणवेशात नकोत, असं त्यात आहे. आणि नियमांत आहे 'सहाय्यक व्यक्ती'. गुन्ह्याची खबर चोवीस तासांत बाल कल्याण समितीला गेली पाहिजे आणि समितीने मुलासाठी असा माणूस नेमायचा. तो वकील नसतो. जबाबाच्या दिवशी, दवाखान्यात, न्यायालयात तो मुलाबरोबर असतो. आज काय होणार, पुढची तारीख कशाला आहे, भरपाईचा अर्ज कुठे करायचा, हे तो समजावतो, आणि दर महिन्याला समितीला अहवाल देतो. अनेक वर्षं ही तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. उत्तर प्रदेशातल्या ललितपूरच्या एका मुलीच्या प्रकरणावरून १८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं की सहाय्यक व्यक्ती देणं ऐच्छिक मानता येणार नाही, आणि त्या व्यक्तीला कुशल कामगाराइतका मोबदला मिळाला पाहिजे. मानद समाजसेवकापासून सुरू झालेली वाट मोबदल्यापर्यंत आली, याचं मला समाधान आहे. ज्याच्या खिशात एस.टी.चं भाडं नाही त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा करणं बरोबर नव्हतं.

परभणीला या माणसाची गरज का जास्त आहे, ते पाहायला आकडा एकच पुरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणी जिल्ह्यात सुमारे ४८ टक्के निघालं. राज्याचं होतं सुमारे २२. महाराष्ट्रात हा जिल्हा सगळ्यांत वर होता. कारणं इथे सगळ्यांना पाठ आहेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झालं की उचल वाढते. वाढत्या वयाची मुलगी गावात एकटी ठेवायची भीती वेगळीच. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या घरात या दोन गोष्टींपुढे दहावीची परीक्षा टिकत नाही.

अशा मुलीचं प्रकरण न्यायालयात कसं येतं, ते जवळून पाहावं. लग्न थांबलं तर ते १०९८ वर कुणीतरी फोन केला म्हणून. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही हेल्पलाइन आज सरकार चालवतं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. मुलीला समितीपुढे आणतात. लग्न आधीच होऊन गेलं असेल तर ते बरेचदा दवाखान्यात कळतं, बाळंतपणाच्या वेळी, आधार कार्डावरची जन्मतारीख पाहिल्यावर. डॉक्टरांना पोलिसांना कळवणं भाग असतं. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. म्हणजे गुन्हा नवऱ्यावर दाखल होतो, आणि लग्न लावल्याबद्दल तिच्या आईबापांवरही होऊ शकतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, कडेवर तान्हं मूल, नवरा आरोपी, सासू-सासरे आरोपी, आईबापही आरोपी. सरकारी वकील शासनाचा, आरोपीचा वकील आरोपीचा. खटल्यातला प्रत्येक जण तिच्याविषयी बोलतो आणि तिच्या वतीने बोलेल असा घरातला एकही माणूस उरत नाही.

१८९० च्या कायद्याने हे धरून चाललं होतं की मुलाचं हित पाहणारं घरात कोणीतरी असतंच. या मुलीच्या बाबतीत ते गृहीतकच कोसळतं. खटला चालावा असं तिला वाटतं का, बाळाच्या दुधाचं काय, ती कुठे राहणार, शाळेत परत जाणार का, समितीपुढे तिने काल सांगितलेलं आज का बदललं, हे विचारायला आणि न बिचकता समितीला कळवायला ज्याचा कुठल्याच बाजूशी संबंध नाही असा माणूस लागतो. कायद्याप्रमाणे मुलाची साक्ष, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा असतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तेवढ्या काळात तिच्यावर किती बाजूंनी दबाव येतो, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

सहाय्यक व्यक्तींची नावं नोंदलेली वही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. दुभाषे आणि विशेष शिक्षक यांचीही नावं त्याच वहीत. परभणीच्या वहीत शहरातल्या संस्थांबरोबर जिंतूर आणि गंगाखेडच्या तांड्यांवरची, गोरमाटी बोलणारी बाई हवी. टोळी कुठल्या कारखान्याला गेली आहे हे मुकादमाला विचारू शकणारी हवी. निवृत्त शिक्षिका चालेल, आशाताई चालेल, विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक चालेल. ऑक्टोबरात टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. मधल्या सहा महिन्यांत मुलगी सांगलीला किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असली, तर तिच्या खटल्याची तारीख परभणीलाच पडते, आणि तिला तिथून आणायचं कसं हे बघणाऱ्या माणसाचं नाव आधीच त्या वहीत असावं लागतं.